जलपरीची शिवण

आमच्या नव्या संचालकांना प्राण्यांतलं काही कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सिद्ध केलं. दालनातल्या तरसाला त्यांनी लांडगा म्हटलं, आणि मी चूक दाखवल्यावर "तेच ते" म्हणून पुढे गेले. ते आधी फर्निचरच्या एका मोठ्या शोरूमचे व्यवस्थापक होते. शोरूम आणि संग्रहालय यांत त्यांना एकच फरक दिसायचा : इथला माल विकायचा नसतो.

मी त्या संग्रहालयात तीस वर्षं मेलेल्या प्राण्यांना उभं करत आले आहे. कातडं सोलायचं, कमवायचं, तारेचा आणि मातीचा सांगाडा करायचा, त्यावर कातडं चढवून शिवायचं. लोक याला पेंढा भरणं म्हणतात. पेंढा आम्ही कधीच भरत नाही, लाकडाचा कीस भरतो; पण लोकांना कोण समजावणार. माझ्याआधी याच खोलीत, याच टेबलावर माझे वडील हे काम करायचे. मी त्यांना अप्पा म्हणते. हातातली कला त्यांनी मला शिकवली आणि नाक मुरडायची सवयही त्यांच्याकडूनच आली. आमच्या घरात कौतुकाचा सर्वांत मोठा शब्द 'चालेल' हा होता.

दोन वर्षं गर्दी आटत गेली तेव्हा संचालकांनी बैठक घेतली.

"खरे प्राणी लोक आता फोनवर बघतात," ते म्हणाले. "आपण खोटे दाखवू. जगभरातले अद्भुत प्राणी. ड्रॅगन, एकशिंगी घोडा, सगळं."

सल्ल्याला त्यांनी एक विद्वान आणला. त्याचं प्रत्येक वाक्य 'जागतिक पातळीवर' या शब्दांनी सुरू व्हायचं, म्हणून आम्ही त्याचं नाव 'जागतिक' ठेवलं. चौकीदारापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मागून तेच म्हणत, आणि एकदा संचालकही चुकून तोंडावर म्हणाले. त्याला तो गौरव वाटला.

जागतिकने यादी केली. गरुडाच्या डोक्याचा सिंह, म्हणजे ग्रिफिन. डोक्यावरच्या खळग्यात पाणी बाळगणारा जपानचा कप्पा, जो नमस्काराला वाकला की पाणी सांडतं आणि त्याचं बळ जातं. सीलचं कातडं उतरवून किनाऱ्यावर बाई होऊन चालणारी सेल्की. हे सगळे प्राणी मी दोन महिन्यांत 'उभे' करायचे होते.

मला या प्राण्यांचा राग नाही, कंटाळा आहे. माणसाची कल्पनाशक्ती म्हणून ज्याचे एवढे गोडवे गातात ते बहुतेक वेळा एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर ठेवण्यापलीकडे जात नाही. मी खऱ्या वटवाघळाचा पंख ताणून बसवला आहे. ती नखाएवढी हाडं आणि त्यावरची ती पापुद्र्यासारखी चामडी ज्याने एकदा हाताळली, त्याला ड्रॅगन बघून हसू येतं. पण नोकरी म्हणजे नोकरी. मी घोड्याला शिंग लावलं. पूर्वी नार्व्हाल नावाच्या समुद्री प्राण्याचा दात असं शिंग म्हणून खपवत, मी ते प्लास्टरचं केलं. जागतिकने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जागतिक पातळीवर हे फार पवित्र मानलं जातं." ओल्या प्लास्टरचा पांढरा डाग दिवसभर त्याच्या बाहीवर राहिला. मी सांगितलं नाही.

प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण मात्र करायचं नव्हतं. ते आमच्याकडे होतंच. कोठारात, काचेच्या पेटीत, संग्रहालयाची जुनी जलपरी. हातभर लांबीची, वरचा भाग माकडाचा, खालचा माशाचा, वाळून काळी पडलेली, दात विचकलेली. अशा जलपऱ्या शिवून परदेशी खलाशांना विकणं हा जपानी कोळ्यांचा एके काळचा चालता उद्योग होता. त्यामुळे ती शिवलेली आहे हे उघड होतं. मोल होतं ते तिच्या वयाचं. पाटीवर लिहिलं होतं : 'दूरच्या समुद्रातून आणलेली, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची. माजी संचालकांच्या चोखंदळ नजरेमुळे संग्रहालयास लाभली.' हे माजी संचालक म्हणजे मोठे साहेब. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. जिन्याजवळ त्यांची तसबीर आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत मी जलपरी पाहिली तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं की माझे अप्पा हिची देखभाल करतात. घरी येऊन अप्पांना सांगितलं तर ते उठून अंगणात गेले.

दहा वर्षांपूर्वी तिच्या कमरेशी तडा गेला म्हणून तिला कोठारात टाकली होती. आता ती दुरुस्तीला माझ्या टेबलावर आली. जागतिक आणि संचालक दोघेही बघायला हजर होते.

"हे टाके बघा," जागतिक म्हणाला. "जागतिक पातळीवर ही शैली ओळखीची आहे. हे काम फक्त जपानी कोळीच करू शकतात. दोनशे वर्षं, कदाचित सव्वादोनशे."

"सव्वादोनशेच लिहू," संचालक म्हणाले. "ऐकायला बरं वाटतं."

ते गेल्यावर मी तडा उघडला. चिमट्याने आतलं सामान काढायला लागले आणि थांबले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कोळ्याने चिंध्या भरल्या असत्या, गवत भरलं असतं. इथे लाकडाचा कीस होता, आम्ही वापरतो तसा, बारीक आणि लांब. मग शिवण पाहिली. टाके डावीकडून उजवीकडे गेले होते, म्हणजे शिवणारा डावखुरा. टाका संपतो तिथे दोरा दोनदा गुंडाळून टोक शिवणीच्या पोटात उलटं सारलेलं. ही गाठ मी रोज मारते. मला ती ज्याने शिकवली त्याला ती कुणी शिकवली नव्हती, त्याने स्वतः शोधली होती.

तरीही मी स्वतःला समजावत होते. मग तारेवर गुंडाळलेलं फडकं निघालं. निळं, जाड कापड. संग्रहालयातल्या कारागिरांना पूर्वी तशा कापडाचे कोट असत आणि धोब्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा घातलेला असे. फडक्याच्या कोपऱ्यावर सात होता. अप्पांचा आकडा सात.

मी दुपारीच घरी गेले. अप्पा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याजवळच राहतात. खिडकीशी बसून ते पायाची नखं कापत होते. मी फडकं त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी ते हातात घेतलं, आकडा बघितला आणि परत दिलं. "उघडलीस होय," ते म्हणाले.

"अप्पा, हे काय आहे?"

"कोटाचा तुकडा."

"तेवढं मला दिसतंय."

त्यांनी दुसऱ्या पायाची नखं कापून संपवली. घाईने सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. मग म्हणाले, "तू आठ वर्षांची होतीस. साहेबांकडे पाहुणे आले होते. मी तेव्हा बिबट्या केला होता, उडी मारताना. आठवतो?"

बिबट्या अजून पहिल्या दालनात आहे. त्याच्यासारखं काम मला तीस वर्षांत जमलेलं नाही.

"पाहुण्यांनी विचारलं, हा कुणी केला. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हात यांचे, डोकं माझं. सगळे हसले. मीही हसलो. बिबट्याची उडी त्यांनी जन्मात बघितली नव्हती."

"एवढ्यावरून?"

"तुला एवढ्यावरून वाटतं, कारण तुला कुणी तसं म्हटलं नाही." त्यांनी कापलेली नखं गोळा केली. "साहेबांना एकच घमेंड होती. म्हणायचे, जुनं आणि नवं मला वासावरून कळतं. म्हटलं, बघू वास. प्राणिबागेतलं एक माकड मेलं होतं. मासा मंडईतून आणला. महिनाभर केलं काम, तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. चहाच्या पाण्यात बुडवली, धुरावर धरली, वाळूत पुरली. मग एका जुन्या वस्तूवाल्याच्या हातून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. साहेबांनी दोन दिवस हुंगली आणि म्हणाले, दोनशे वर्षं."

मला हसू आलं. अप्पांना नाही आलं.

"मी ठरवलं होतं, ती दालनात मांडण्याचा समारंभ होईल तेव्हा सगळ्यांसमोर उठून सांगायचं. ही मागच्या महिन्यातली आहे, आणि हातही माझे, डोकंही माझं. पण आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, तुमच्या नजरेला काही खटकतंय का? एखादा ताजा टाका? आणि मी म्हटलं, नाही, मला तर काही दिसत नाही."

"का म्हणालात?"

"कारण दिसत नव्हता. इतकं चांगलं झालं होतं काम." अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. "हुशारी नडली. समारंभात ते उठून म्हणाले, मी माझ्या नाकावर विसंबलो नाही. मी या माणसाच्या डोळ्यांवर विसंबलो, कारण हा खोटं बोलत नाही. आणि मला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आता उठून काय सांगणार? की त्यांनी खरं ओळखलं नाही, फक्त माझ्यावर विश्वास ठेवला?"

पुढची वीस-बावीस वर्षं, स्वतः निवृत्त होईपर्यंत, दर सोमवारी अप्पांनी ती पेटी पुसली. साहेब निवृत्त झाले त्या दिवशी ते मागच्या खोलीत आले होते. म्हणाले, एकदाच विचारतो, ती जुनीच आहे ना? अप्पा म्हणाले, जुनी आहे.

"तोवर झालीच होती की चौदा वर्षं," अप्पा मला म्हणाले. हा विनोद त्यांनी तेव्हाच, मनातल्या मनात केला असणार आणि इतकी वर्षं तो नासत पडला असणार, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

मी दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले. जागतिक तिथेच बसला होता. मी सगळं सांगितलं, साहेबांनी केलेल्या अपमानाचा भाग वगळून. फडकं टेबलावर ठेवलं.

"कापडाचा तुकडा नंतरच्या दुरुस्तीतला असू शकतो," जागतिक म्हणाला. "गाठ मात्र निःसंशय जपानी आहे."

मी खिशातून दाभण आणि मेणाचा दोरा काढला आणि त्याच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर तीच गाठ मारून दाखवली. त्याने चष्मा वर करून ती बराच वेळ न्याहाळली.

"याचा अर्थ," तो म्हणाला, "जागतिक पातळीवर हे तंत्र इथपर्यंत पोहोचलं होतं. हा तर फारच महत्त्वाचा शोध आहे."

अशा माणसाला काय बोलणार. त्याला पाण्यात ढकललं तरी तो ओलेपणावर व्याख्यान देईल.

संचालकांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, जलपरी मुळात नसतेच. मग नसलेली वस्तू दोनशे वर्षांची काय आणि चाळीस वर्षांची काय. पाटी छापून आली आहे."

खरं सांगायचं तर मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण पाटीखाली दुरुस्तीचा अहवाल लागणार होता आणि त्यावर सही माझी असणार होती. अप्पा ज्या खड्ड्यात पडले त्याच्या काठावर मला आणून उभं केलं होतं आणि आणणारे दोघेही मोठ्या साहेबांच्या नखाची सर नसलेले.

घरी येऊन मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "पाटी बदल. आणि माझ्यासाठी गोड शब्द घालू नकोस."

उद्घाटन सकाळी अकराला होतं. मी आठ वाजता गेले, छापील पाटी काढून माझ्या हाताने लिहिलेली लावली :

'जलपरी. वरचा भाग माकड, खालचा भाग मासा. वय शेहेचाळीस वर्षं. याच इमारतीच्या मागच्या खोलीत या संग्रहालयाच्या कारागिराने शिवली. कारण : वरिष्ठांची चारचौघांत फजिती करावी म्हणून. फजिती झाली नाही. कारागिराने सत्य लपवले.'

खाली सही केली आणि नातंही लिहिलं : कारागिराची मुलगी.

प्रमुख पाहुण्या ड्रॅगनसमोर जांभई दाबत उभ्या होत्या. जागतिक बोलत होता. पुढे सरकून त्यांनी जलपरीची पाटी वाचली, पर्समधून चष्मा काढून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "अरे, हे छान आहे." मग मागच्यांनी मान पुढे काढली. पाचच मिनिटांत ग्रिफिन, कप्पा आणि माझा एकशिंगी घोडा बेवारशी पडले. संचालकांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी गर्दीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून मान हलवली, जणू ही त्यांचीच कल्पना होती. चार दिवसांनी रांग दाराबाहेर गेली, तेव्हा ते खरोखरच तसं सांगायला लागले.

लोकांचं काय सांगावं. जलपरीत त्यांना रस नव्हता. कुणीतरी कुणाला तरी फसवलं यात होता. आपल्याला कुणी असं फसवू शकणार नाही अशा थाटात ते वाकून शिवण शोधत आणि ती न सापडल्यावर फोटो काढून पुढे जात.

दुसऱ्या आठवड्यात अप्पा म्हणाले, मला ने. मी त्यांना चौकीदाराच्या दारातून आत नेणार होते, पण ते काठी टेकत रांगेतच उभे राहिले. आमच्या पुढच्या बाई पाटी वाचून नवऱ्याला म्हणाल्या, "किती आतल्या गाठीचा माणूस असेल."

"होता खरा," अप्पा म्हणाले.

बाईंनी वळून बघितलं, त्यांना काही कळलं नाही.

अप्पांनी पेटीत बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डोळे भरून येतील, निदान गळा दाटेल, असं मला वाटलं होतं. "डावा खांदा उतरलाय," ते म्हणाले. "आणि कमरेशी तू ओढून शिवलं आहेस. दोरा ताणू नये म्हणून किती वेळा सांगितलं."

"चालेल ना पण?"

"चालेल," ते म्हणाले.

आम्ही वळलो तेव्हा जिन्याजवळ एक वृद्ध बाई उभ्या होत्या, सुती साडी, हातात छत्री. मी त्यांना तसबिरीच्या अनावरणाला पाहिलं होतं. मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्या पाटी वाचून आल्या होत्या. अप्पांना त्यांनी लगेच ओळखलं.

अप्पांनी काठी माझ्याकडे दिली आणि हात जोडले. "मीच केली ती," ते म्हणाले.

"वाचलं मी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्या घरात तुमचं नाव फार आदराने घ्यायचे ते. मुलांना सांगायचे, माणूस असावा तर असा. जलपरी नवी निघाली याचं मला काही नाही, त्यांची नजर चुकू शकते. पण त्यांनी तुम्हाला दोनदा विचारलं, घरी येऊन मला सांगितलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही त्यांना सोडवू शकत होता."

अप्पांचे जोडलेले हात खाली आले.

"त्यांनी चारचौघांत तुम्हाला छोटं केलं असेल. त्यांची जीभ सैल होती, मला माहीत आहे. पण तुम्ही फार हलके निघालात." एवढं बोलून त्या छत्री टेकत जिना उतरून गेल्या.

मला त्यांच्यामागे जाऊन चार शब्द सुनवायचे होते. तुमच्या साहेबांनी बिबट्याच्या वेळी काय केलं, ते सांगायचं होतं. अप्पांनी माझा दंड धरला. त्र्याऐंशीच्या माणसाच्या बोटांत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर शब्द वापरला तिने."

रिक्षात मी सगळ्यांना शिव्या देत होते. त्या बाईला, संचालकांना, गर्दीला. जागतिकला तर जास्तच. त्याने आता 'सूडाची लोककला' नावाचा निबंध लिहायला घेतला होता आणि त्यासाठी अप्पांची मुलाखत मागत होता. अप्पांनी मध्येच म्हटलं, "तुला दमायला होत नाही का गं?" मी विचारलं, कशाने. मग मीच शिव्या थांबवल्या, कारण प्रश्न मला कळला होता.

पुढचे पाच-सहा दिवस त्यांनी नीट खाल्लं नाही. संचालकांचा निरोप आला होता की रविवारी पेटीशेजारी खुर्ची टाकून बसा, लोकांना गोष्ट सांगा, गाडी पाठवू. अप्पा म्हणाले, त्यांना सांग, मी खुर्चीसकट विकायला नाही. हा नेहमीचा सूर ऐकून मला जरा बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला साहेबांच्या घरचा नंबर शोधायला सांगितला. संग्रहालयाच्या जुन्या वहीत तो होता. मी लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले, पण दार लोटलं नाही.

"मी बोलतोय," अप्पा म्हणाले. "मागच्या खोलीतला. तुमचा शब्द बरोबर होता, बाई. तेवढंच सांगायचं होतं. साहेबांना सांगायला हवं होतं, ते राहिलं."

मग ते बराच वेळ ऐकत राहिले. एकदा "हो" म्हणाले, एकदा "नाही, तसं नाही." मग हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

मी चहा घेऊन आले. "काय म्हणाल्या?"

"माफ वगैरे काही केलं नाही तिने." त्यांनी कप घेतला. "विचारत होती, जलपरीचे डोळे कुठले होते. साहेबांना ते डोळे फार आवडायचे म्हणे. घरी येऊन वर्णन करायचे."

"मग?"

"सांगितलं. घुबडाच्या मापाचे काचेचे डोळे होते डब्यात उरलेले. थोडे मोठे होत होते, कडेने घासून बसवले."